माणूस पोचू दे, मग केर

हॉटेलातली खोली रिकामी झाली की काय करायचे नाही, हे मला भागीमावशीने शिकवले. चादरी काढा, उशांचे अभ्रे काढा, टॉवेल धुवायला टाका, खिडक्या उघडा. झाडूला मात्र हात लावायचा नाही.

“माणूस पोचू दे, मग केर,” ती म्हणायची.

यात नवल असे काही नव्हते. आमच्याकडे घरातून कोणी प्रवासाला निघाले की त्याच्या पाठोपाठ केर काढत नाहीत. तिरडी उचलली की मागे केर काढतात. जित्या माणसामागे काढला तर ते त्याला ‘परत येऊ नको’ म्हणण्यासारखे होते. वडील बाजाराला गेले तरी माझी आई तासभर झाडू हातात घेत नसे. पण घर वेगळे आणि दहा खोल्यांचे हॉटेल वेगळे. आमच्याकडून रोज सकाळी दहाला पाच-सात कुटुंबे निघत आणि बाराला तेवढीच नवी येत. मावशीच्या लेखी ती सगळी घरातून निघालेली माणसे होती.

हॉटेल तळा गावापासून मुरुडकडे जाताना आत डोंगरात, एका तलावाच्या काठावर होते. तलाव पाटबंधाऱ्याचा. तिन्ही बाजूंनी डोंगर, चौथ्या बाजूला बांध. मुरुडला समुद्रावर जागा न मिळालेले पाहुणे आमच्याकडे येत आणि समुद्राला कंटाळलेलेही येत. खोल्या एका ओळीत होत्या. प्रत्येकीला मागे गॅलरी, गॅलरीतून सहा पायऱ्या उतरल्या की पाणी. ते पाणी कधी आवाज करत नसे. आमचे स्वयंपाकी सलीमभाई मुरुडचे. ते म्हणत, “आमचा दर्या बोलतो तरी. हे पाणी नुसतं ऐकत बसतं.”

मी तिथे काउंटरवर लागलो तेव्हा नुकताच बी.कॉम. झालो होतो. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेला मी पहिला. निकाल लागला त्या दिवशी वडिलांनी गुणपत्रिका देवळात नेऊन गुरवाकडून मोठ्याने वाचून घेतली होती. हॉटेलात मला नावाने कोणी हाक मारली नाही. मावशी पहिल्याच दिवशी म्हणाली, “काय रं बीकॉम, जेवलास का?” आणि मी कायमचा बीकॉम झालो. पाहुण्यांशी कसे बोलावे हे मला येत नव्हते. पुस्तकातल्यासारखे बोलायचो. “आपले स्वागत असो” म्हटले की पाहुणे दचकत. मावशीने एकदाच सांगितले, “आलेल्या माणसाला आधी पाणी इचार. बाकीचं त्योच बोलतो.” कॉलेजच्या तीन वर्षांत मला एवढे उपयोगाचे वाक्य कोणी सांगितले नव्हते. ते सांगणारी बाई दुसरीतून शाळा सुटलेली होती.

ती पन्नाशीची असेल. अंगाने काटकुळी. हॉटेलने दिलेली राखाडी साडी, कमरेला सुतळीत ओवलेल्या दहा चाव्या. साफसफाईच्या सगळ्या बायका तिच्या हाताखाली. तिची एक मुलगी अलिबागला नर्सिंग शिकत होती, शेवटच्या वर्षाला. मावशीचा पगार म्हणजे त्या मुलीचे वसतिगृह आणि जेवण. दुसरे कमावणारे घरात कोणी नव्हते. हे सगळ्यांना ठाऊक होते, कारण मावशी मुलीचा विषय निघाला की झाडूची मूठ राजदंडासारखी ऐटीत धरायची.

पाहुणा कुठे जाणार हे ती निघताना कधी विचारत नसे. निघालेल्याला ‘कुठे’ म्हणून विचारणे तिच्या मते झाडूइतकेच वाईट. ती आदल्या संध्याकाळी टॉवेल द्यायला जायची आणि दारातूनच विचारायची, “उद्या कुठवर जायचं? किती तास लागत्यात?” मग खाली येऊन मला सांगायची, “चार नंबर ठाणं, चार तास. आठ नंबर महाड, दोन तास.” तेवढे तास झाले की फोन करायचे काम माझे.

“साहेब, हॉटेलातून बोलतोय. पोचलात का?”

“का हो? आमचं काही राहिलं का तिकडे?”

“नाही, खोलीचा केर काढायचाय.”

यावर कोणी हसायचे, कोणी मला दोनदा सांगायला लावायचे. डोंबिवलीचे एक गृहस्थ म्हणाले, “अहो, अजून वडखळच्या ट्रॅफिकमध्ये बसलोय. मावशींना म्हणावं, आज काय तुमचा केर निघत नाही!” पण हेच लोक नंतर इंटरनेटवर आमच्याबद्दल लिहीत. तलाव सुंदर, मासे झकास, आणि घरी पोचल्यावर विचारणारे हॉटेल. एका बाईंनी लिहिले होते, आई गेल्यापासून मला ‘पोचलीस का’ असे कोणी विचारले नव्हते. मी ते मावशीला वाचून दाखवले. ती म्हणाली, “मग इचारायला नको व्हय?” आणि बादली उचलून गेली.

सलीमभाई तिला छळत. “मावशी, गिऱ्हाईक घरी गेलं, जेवलं, घोरायला लागलं. तुमचा झाडू अजून खुंटीलाच!”

“तुमचं वाढलेलं पोटात टिकलं तर घोरल ना त्ये,” मावशी म्हणायची.

इथवर सगळे गमतीचे होते. पण मावशीची आणखी एक सवय होती, आणि तिची गंमत करायला कोणी धजत नसे. रिकाम्या खोलीत शिरण्याआधी ती दार वाजवायची. किल्ली काउंटरवर आलेली असे, गाडी फाटकाबाहेर गेलेली मी पाहिलेली असे, तरी ती दोनदा टकटक करायची, थांबायची, मग आत जायची. कधी कधी आत न जाता तशीच मागे फिरायची. एकदा ती रिकाम्या नऊ नंबरच्या दारातून आत हळूच म्हणाली, “बसा बसा, घाई न्हाय.” मी तिच्या मागेच उभा होतो. मी डोकावून पाहिले, खोलीत कोणी नव्हते.

मी विचारले तेव्हा ती साधेपणाने म्हणाली, “माणूस निघतो रं, पण सगळा एकदम निघत न्हाय. थोडा मागं रेंगाळतो. त्यो तिकडं घरात पाय टाकतो, तवा ह्यो हितून उठतो. मधीच झाडू फिरवला तर ह्येनं जायचं कुठं?”

मी कॉमर्सचा माणूस. पण तीन नंबरची गोष्ट मी डोळ्यांनी पाहिली आहे, ती सांगतो. पुण्याच्या एक बाई एकट्याच राहून सकाळी निघाल्या होत्या. दुपारी एक वाजला तरी फोन उचलेनात. मावशी मला खोलीत घेऊन गेली. चादर काढलेली होती. उघड्या गादीवर माणूस कुशीवर झोपला की पडतो तसा खळगा होता. “हात लाव,” ती म्हणाली. मी तळहाताने गादी सपाट केली. कापसाची गादी, सपाट झाली. आम्ही बघत असताना खळगा पुन्हा पडला. कापूस दाबला की दबतो आणि मग वर येतो, हे मला कळते. इथे तो खाली जात होता. आम्ही दोघे भिंतीला पाठ लावून उभे राहिलो. किती वेळ ते सांगता येणार नाही. मग भट्टीत पाव फुगावा तसा तो खळगा हळूहळू वर आला आणि गादी सारखी झाली.

“पोचली,” मावशी म्हणाली. “लाव फोन.”

बाईंनी पहिल्या रिंगला उचलला. “अय्या, आत्ताच कुलूप उघडतेय!”

मावशीने खुंटीवरचा झाडू काढला. मी काउंटरवर येऊन तीन पेले पाणी प्यायलो.

दिवाळीनंतर नवे मॅनेजर आले. देसाई त्यांचे नाव. वाईट माणूस नव्हता. मोठ्या हॉटेलात शिकलेला होता आणि त्याला घड्याळ कळत होते. खोल्या वेळेवर तयार नसतात, पाहुणे ताटकळतात, हे त्याने आठ दिवसांत पाहिले. सगळ्यांसमोर मावशीला म्हणाला, “चेक-आउट दहाला, चेक-इन बाराला. बारानंतर एकही खोली अडली तर त्या दिवसापासून तुम्ही घरी. मुलगी शिकतेय ना तुमची? मग जरा विचार करा.”

मावशी म्हणाली, “बरं.”

तिने विचार केला, पण तिच्या पद्धतीने. लांबच्या गावाचे पाहुणे ती मला कडेच्या खोल्यांत टाकायला सांगू लागली. त्या खोल्या सहसा उशिरा भरत. जवळच्यांना मधल्या खोल्या. निघणाऱ्यांना ती पहाटेच चहा नेऊन उठवी, म्हणजे ते लवकर सुटत. महिनाभर एकही खोली अडली नाही. देसाईंना वाटले, बाई सुधारली. मला मात्र दिसत होते, की बारा वाजत आले की तिचे डोळे घड्याळावरून दारांवर आणि दारांवरून घड्याळावर फिरत असत.

नाताळच्या सुट्टीत सहा नंबरला एक गृहस्थ आले. साठीचे, एकटे, पांढरा शर्ट, पायात चकचकीत काळे बूट. एसटीने आले होते. पत्ता पनवेलचा. दोन दिवस ते गॅलरीत बसून पाण्याकडे बघत होते. जेवायला बोलावले की येत आणि ताटातले अर्धे ठेवून जात. दुसऱ्या संध्याकाळी मावशी टॉवेल घेऊन गेली आणि परत आली ती सरळ माझ्याकडे.

“सहा नंबरला इचारलं, उद्या कुठवर? म्हणला, बघू.”

“मग पनवेल लिहू?”

“लिव. पण त्यो ‘बघू’ म्हणला.”

सकाळी दहाला ते गृहस्थ खाली आले. बूट घातलेले, हातात बॅग. किल्ली माझ्या हातात दिली, “छान आहे जागा” म्हणाले आणि फाटकातून बाहेर पडले. मी त्यांना रस्त्याला लागेपर्यंत पाहिले.

त्या दिवशी एका लग्नाचे वऱ्हाड येणार होते. दहाच्या दहा खोल्या हव्या होत्या. नऊ खोल्या साडेअकरापर्यंत झाल्या. सहा नंबर राहिली. पनवेलला पोचायला तीन तास, म्हणजे एक वाजणार. मी तरी बाराला फोन लावला. रिंग वाजत राहिली. वऱ्हाडाची बस फाटकातून आत आली.

मावशी सहा नंबरच्या दारात गेली. टकटक केली. थांबली. पुन्हा केली. मग तिने मला आणि सलीमभाईंना हाताने बोलावले.

“आत हाय,” ती म्हणाली.

“कोण आत आहे?” मी विचारले. किल्ली तर माझ्या खिशात होती.

तिने दार उघडले. ऊन इतके कडक होते की फरशीवरची धूळसुद्धा दिसत होती. त्या लाल धुळीवर ओली पावले उमटली होती. अनवाणी, मोठ्या माणसाची. गॅलरीच्या दारापासून पलंगापर्यंत आलेली. परत गेलेले एकही पाऊल नव्हते. गॅलरीच्या दाराची कडी आतून लावलेली होती. पलंगाजवळच्या शेवटच्या पावलाभोवती पाण्याचे छोटे थारोळे साचले होते, आणि आमच्या डोळ्यांसमोर ते वाढत होते.

सलीमभाई पुटपुटले, “या अल्ला.”

मावशी डगमगली नाही. “त्यो पाण्यात शिरतोय,” ती म्हणाली. “अजून शिरतोय. सलीमभाई, चला माझ्यासंगं. बीकॉम, तू दारात उभा राहा. कुणाला आत सोडू नको. झाडू तर न्हायच न्हाय.”

दोघे बांधाच्या बाजूला धावले. मी दारात उभा राहिलो.

दहा मिनिटांनी देसाई आले. त्यांच्या मागे नवऱ्यामुलाचे वडील, त्यांच्या मागे पोरे, बॅगा, कोणाच्या तरी कडेवर रडणारे बाळ. “ही खोली का बंद?” मी सांगायचा प्रयत्न केला. काय सांगणार होतो? देसाईंनी आत डोकावून पाहिले. “पाणी सांडलंय. पूस आणि केर काढ. बारा चाळीस झालेत.” मी हललो नाही. तेव्हा त्यांनी खुंटीवरचा झाडू काढून माझ्या हातात दिला आणि आवाज खाली आणून म्हणाले, “त्या बाईचं आज ठरलंच. तुझंही ठरवू का?”

मला ती गोष्ट खरी वाटत नव्हती म्हणून मी केर काढला, असे नाही. खरी वाटत होती, तरी काढला. घरी आई-वडील आणि देवळात वाचलेली ती गुणपत्रिका माझ्या डोळ्यांपुढे आली, आणि मी झाडू फिरवला.

पलंगापासून सुरुवात केली. ओल्या धुळीचा चिखल होऊन झाडूला लागला. झाडू जड येत होता, जणू दुसऱ्या टोकाला कोणी धरला आहे. मी एकेक पाऊल पुसत दाराकडे आलो. उंबऱ्याशी केर आणला तेव्हा झाडू एकदम हलका झाला. बाहेर वारा नव्हता. तरी माझ्या बाजूने काहीतरी गार निघून गेले, आणि कडेवरचे बाळ रडायचे थांबून माझ्या मागे बघू लागले.

अर्ध्या तासाने मावशी आणि सलीमभाई त्या गृहस्थांना धरून घेऊन आले. ते बांधाच्या पलीकडे कमरेइतक्या पाण्यात उभे सापडले होते. बॅग काठावर नीट ठेवलेली. पायात बूट, नाड्या बांधलेल्या. मावशीने काठावरून हाक मारली तेव्हा ते वळले, रडले, आपणहून बाहेर आले. “चांगले बोलत होते रे,” सलीमभाई मला म्हणाले. “बायको गेली म्हणाले, गेल्या साली. पनवेलला बहीण आहे म्हणाले. निम्म्या वाटेत एकदम माझा हात सोडला. तेव्हापासून हे असं.”

हे असं म्हणजे, त्यांचे डोळे उघडे होते, पण त्यांत कोणी नव्हते. नाव विचारले, सांगता येईना. बस म्हटले की बसत, ऊठ म्हटले की उठत.

मावशीने माझ्याकडे पाहिले. मग सहा नंबरच्या दाराकडे; आत वऱ्हाडाच्या बॅगा दिसत होत्या.

“किती वाजता काढलास?”

“पाऊण वाजता.”

“माझा हात सोडला तीही हीच वेळ,” सलीमभाई म्हणाले आणि त्यांनी मान खाली घातली. मावशीने मला मारले असते तर बरे झाले असते. ती मागच्या बाजूला गेली. तिथे मी सुपलीतला केर टाकला होता. तिने धुण्याच्या ढिगातून सहा नंबरच्या उशीचा अभ्रा शोधून काढला, खाली बसली, आणि तो ओला लाल केर ओंजळीने त्यात भरला. एकेक कण वेचून. मग अभ्र्याला गाठ मारली आणि गाठोडे लहान मुलासारखे छातीशी धरून हलक्या आवाजात म्हणाली, “चला. घरी जायचं.”

देसाईंना हॉटेलात बोभाटा नको होता. ते म्हणाले, त्याला कोणीतरी घेऊन जा. मावशी म्हणाली, मी पोचवते. ते म्हणाले, आज काम सोडून गेलात तर उद्या येऊ नका. ती म्हणाली, “बरं.” कमरेच्या चाव्या सोडून तिने माझ्यासमोर काउंटरवर ठेवल्या.

पुढचे आधीच सांगून टाकतो, म्हणजे कोणाला घोर नको. ते गृहस्थ पोचले. बहिणीने दार उघडले तेव्हा त्यांनी तिला नावाने हाक मारली. आता ते बरे आहेत, औषधे चालू आहेत. मावशी पुन्हा आमच्याकडे आली नाही. मुरुडच्या एका लॉजवर ती काम करते असे सलीमभाई सांगतात. तिची मुलगी नर्स झाली. मी अजून तिला जाऊन भेटलेलो नाही. एवढे शिकूनही तिच्यापुढे काय बोलावे, हे मला शिकता आले नाही.

मी तिला शेवटची पाहिली ती त्याच दुपारी. साडेतीनची पनवेल एसटी हॉटेलच्या फाट्यावर थांबते. मी त्या गृहस्थांची बॅग घेऊन गेलो होतो. गाडी भरलेली, सुट्टीची गर्दी, माणसे उभी. तरी तिघांच्या बाकावरचे तिघेही त्या गृहस्थांचा चेहरा पाहून उठले. मावशीने त्यांना मधे बसवले, खिडकीच्या जागेवर गाठोडे ठेवले आणि आपण कडेला बसली. मी बाहेर खिडकीखाली उभा होतो.

कंडक्टर आला. “मावशी, ते बोचकं मांडीवर घ्या. माणसं उभी हायत.”

“त्येचं तिकीट काढायचंय,” मावशी म्हणाली. “पनवेल. तीन द्या.”

“बोचक्याचं फुल तिकीट?”

“फुल.”

गाडीतले कोणीतरी हसले. कंडक्टर हसला नाही. त्याने तीन तिकिटे दिली. त्याने काय पाहिले, मला माहीत नाही. घंटीची दोरी ओढायला हात वर करताना तो खिडकीच्या जागेला अंग लागणार नाही अशा बेताने बाजूला सरकला. गाडी हलली. मावशी समोर बघत होती, तिने वळून पाहिले नाही. आणि इतका वेळ बस म्हटले तर बसणाऱ्या, ऊठ म्हटले तर उठणाऱ्या त्या गृहस्थांनी पहिल्यांदा आपणहून हात उचलला आणि शेजारच्या त्या ओल्या गाठोड्यावर ठेवला, गाडीचा धक्का त्याला लागू नये म्हणून.